पाण्यावरची साय

पोहत नाहीत. माझ्या माशांची पिल्लं पोहत नाहीत. एवढं साधं वाक्य, पण गेल्या तीन वर्षांत ज्याला ज्याला ते सांगितलं त्यानं मलाच अक्कल शिकवली. एक म्हणाला, पाणी बदल. दुसरा म्हणाला, खाणं बदल. बाजारपेठेतल्या पाध्येनं तर माझ्याच चहात माझंच बिस्किट बुडवत सांगितलं, "पराग, तू आता नादच बदल." त्याला बिस्किटासकट उठवला.

मी पराग खातू. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत शोभेचे मासे पैदा करतो. पन्नाशी उलटली, लग्न झालं नाही, कारण स्वभाव हा असा. खळ्याच्या एका बाजूला माझं घर, दुसऱ्या बाजूला थोरल्या भावाचं, मधे दोघांत एक विहीर. भाऊ, म्हणजे सुजितदादा, आता नाही. पाच वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेला. त्या घरात वैदेहीवहिनी एकट्या असतात. दोन वेळा जेवायला मी त्यांच्याकडे, आणि त्यांच्या घराची कौलं शाकारण्यापासून नारळ उतरवून घेण्यापर्यंतची कामं माझ्याकडे. भांडण रोज एकदा होतंच.

माझ्या घरामागं पत्र्याची शेड आहे. तिच्यात टाक्या, आणि टाक्यांत दादाचे मासे. दादाचे म्हणजे अक्षरशः दादाचे. काळे एंजल मासे बाजारात पुष्कळ मिळतात, पण ते जांभळट, मळकट काळे. दादानं जन्मभर निवडून निवडून एक वंश जमवला होता. अंगभर मखमलीसारखा काळा, आणि फक्त डोळ्याभोवती तांबडी कड. तो गेला तेव्हा शेड भरलेली होती. मासा काही माणसासारखा सत्तर वर्षं जगत नाही. म्हातारे होऊन एकेक गेले, आणि मागून नवीन यायला हवे होते ते आले नाहीत. आता एक जोडी उरली होती. मादीची पाठ वाकायला लागलेली, अंडी कमी. फार तर अजून एखाद-दुसरी वीण. ती फुकट गेली की दादाचा वंश संपला. पुन्हा जमवायचा म्हटलं तर दादाच पाहिजे.

बरं, अंडी घालत नाहीत असंही नाही. टाकीत मी मंगलोरी कौलाचा तुकडा तिरका उभा करून ठेवतो. मादी त्यावर एका रेषेत अंडी चिकटवत जाते, मागून नर. मग मी ते कौल उचलून वेगळ्या टबात ठेवतो, बुरशी धरू नये म्हणून निळं औषध टाकतो. अंडी फुटतात. इवलाले धागे डोक्यानं कौलाला चिकटून शेपट्या हलवत लोंबत राहतात. पोटाखाली पिवळ्या बलकाची शिदोरी असते, ती संपेपर्यंत त्यांना काही लागत नाही. आणि मग एक दिवस उजाडतो तेव्हा सगळा थवा कौल सोडून पाण्यात उभा राहिलेला असतो. दादा त्या दिवशी मला हाक मारायचा, "परग्या, ये रे, उठले!" त्या दिवशी वहिनींना शिरा करायला लावायचा.

गेली तीन वर्षं कोणीच उठलं नव्हतं. कौल सोडायची, वर यायला धडपडायची, आणि दगडासारखी खाली. मग टबाच्या तळाशी पोटावर सरपटत राहायची. खाणं वर तरंगतंय, ही खाली घसटतायत, भुकेनं मरतायत. वीणच्या वीण मी चमच्यानं गोळा करून जास्वंदीच्या मुळाशी पुरली. जास्वंद मात्र काय फुलली म्हणता!

पोहणं म्हणजे नुसतं शेपूट हलवणं नव्हे. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, पुस्तकात तिला वाताशय म्हणतात. ती फुगलेली असेल तर मासा पाण्यात जिथल्या तिथे तरंगतो. नसेल तर त्याला जन्मभर शेपूट मारत राहावं लागतं. माझ्या पिल्लांची ही पिशवी रिकामी होती, एवढं भिंगाखाली मलाही दिसत होतं. का रिकामी, हे मात्र सांगायला कोणी तयार नव्हतं.

सरकारनं आम्हा पैदासवाल्यांना फोनमध्ये 'मत्स्यमित्र' म्हणून एक बोलका सल्लागार दिला होता. पिल्लांवर फोन धरायचा, ती कशी हलतात ते बघून तो निदान करायचा. आवाज असा गोड, की ऐकूनच माझं पित्त खवळायचं.

"नमस्कार परागजी. तुमच्या पिल्लांमध्ये आनुवंशिक दोष असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के आहे. जवळच्या नात्यातील पैदास टाळा. नवीन जोडी आणा."

"नवीन जोडी आणली तर दादाचा वंश कुठे राहिला, शिंच्या?"

"क्षमस्व. 'शिंच्या' ही जात माझ्या माहितीत नाही. नवीन जोडी आणू इच्छिता का?"

फोन तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं. तिथूनही तो दोनदा नमस्कार म्हणाला.

पाण्याबद्दल तर मला कोणी शिकवूच नये. पिल्लांच्या पाण्याची आमच्या घरची रीत आहे. विहिरीचं पाणी पिंपात भरायचं, तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं. मग वरचं नितळ पाणी तांब्यानं, हात न हलवता, अलगद काढून घ्यायचं. तळाला हात लावायचा नाही. आई प्यायचं पाणी असंच काढायची, दादा पिल्लांचं पाणी असंच काढायचा, मी तसंच काढतो. पाध्ये पाण्याबद्दल बोलला तेव्हा मी त्याला हेच सुनावलं होतं, की बाबा रे, माझ्या पिल्लांना मी माझ्या तोंडात जाणार नाही इतकं स्वच्छ पाणी देतो.

आता सायीबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

दादा गेल्यावर दोनेक वर्षांनी जलस्वास्थ्य मंडळाची माणसं तालुक्यात आली. प्रयोगशाळेत घडवलेला एक जंतू त्यांच्याकडे होता. बाटलीत पाण्यासारखाच दिसायचा. विहिरीत चार थेंब टाकले की तो पाण्यात वाढतो, आणि एक स्निग्ध पदार्थ तयार करून वर सोडतो. तो पदार्थ पाण्यावर पसरतो, थर जाडीला एका रेणूचा. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, पोटाला बाधत नाही. काठी घालून ढवळलं, फाटलं, तर जंतू पुन्हा तयार करतो. मंडळानं त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, लोकांनी 'साय' म्हणायला सुरुवात केली.

डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास वरच्या हवेतून घेते. शेपटीकडे एक नळी असते, ती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून अळी उलटी लोंबते. पृष्ठभाग ताणलेला असतो म्हणून नळी तिथे धरते. सायीनं तो ताण मोडतो. नळी धरतच नाही. विष नाही, त्यामुळे डासांना त्याची सवय होण्याचा प्रश्नच नाही, असं मंडळाचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोलू, तालुक्यातला डेंग्यू खरंच गेला. दोन पावसाळे झाले, एक रुग्ण नाही.

वैदेहीवहिनी आरोग्यसेविका. मंडळानं माणसं मागितली तेव्हा पहिलं नाव त्यांचं. गळ्यात पिशवी, पिशवीत बाटली, हातात कांडी. कांडी पाण्यात बुडवली की साय शाबूत असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल, आणि लाल लागला की कांडी परस्पर मंडळाला कळवते. वहिनींच्या भागात लाल दिवा कधी लागला नाही. विहिरी, डोणी, देवळाचं तळं, पडक्या घरांच्या पाठच्या दगडी कुंड्या, काही सोडलं नाही त्यांनी. पहिल्या वर्षी शाळेच्या पटांगणात त्यांनी सगळ्या गावाला प्रयोग करून दाखवला. काचेच्या बरणीत अळ्या सोडल्या, एक थेंब टाकला. अळ्या वर आल्या, टेकल्या, घसरल्या. पुन्हा वर, पुन्हा घसरल्या. हळूहळू तळाशी गेल्या. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लोक पांगले तरी वहिनी बरणीपाशी उभ्या होत्या. शेवटची अळी खाली बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

माशांच्या टाक्यांना मात्र सूट होती. मासे अळ्या खातात, तिथे सायीची गरज नाही असा नियम. त्यामुळे वहिनींनी माझ्या शेडमध्ये थेंब टाकला नव्हता. थेंब सोडा, दादा गेल्यापासून त्यांनी शेडचा उंबराही ओलांडला नव्हता. मी मनात म्हणायचो, आठवण येत असेल, जाऊ दे.

श्रावणातली वीण आली. शेवटून दुसरी, असं मी मनाशी धरलेलं. कौल सोडायच्या दिवशी सकाळपासून टबापाशी स्टूल टाकून भिंग घेऊन बसलो. काय होतंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. एक पिल्लू निघालं. शेपूट मारत, वळवळत, जीव खाऊन वर आलं. पाण्याला तोंड टेकवलं. आणि घसरलं. पुन्हा आलं, टेकलं, घसरलं. माझ्या तोंडून शिवी निघता निघता थांबली. हे मी पाहिलेलं होतं. हे असंच, हुबेहूब, काचेच्या बरणीत.

धावत दादाच्या घराच्या पडवीत गेलो. खुंटीवर वहिनींची कांडी होती, ती उचलली, टबात बुडवली. हिरवा दिवा.

पुन्हा बुडवली, पुन्हा हिरवा. या टबात कोणी थेंब टाकला नव्हता. पिंपात कांडी घातली, हिरवा. विहिरीत तर काय, हिरवाच. आणि मग माझं मलाच उमगलं, तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायलाही हात उचलेना. वरचं नितळ पाणी! साय असते वर, आणि मी तांब्यानं, हात न हलवता, अलगद काय काढत होतो? तीन वर्षं स्वतःच्या हातानं साय काढून पिल्लांच्या डोक्यावर पसरत होतो. गाळ म्हणून खाली सोडलेलं पाणी त्यातल्या त्यात बरं होतं.

मग जुनी पुस्तकं काढली, चार ठिकाणी फोन केले, या वेळी माणसांना. कळलं ते असं. पिल्लाच्या पोटातली पिशवी आपोआप फुगत नाही. पोहायला लागल्यावर ते वर येतं, आणि जन्मात एकदाच हवेचा एक घोट घेतं. घशापासून पिशवीपर्यंत एक बारीक वाट असते, तिच्यातून तो बुडबुडा आत जातो. दिवस-दीड दिवसात वाट बुजते. कायमची. तेवढ्यात घोट मिळाला तर मासा, नाही तर सरपटणारा गोळा. आणि वर सायीचा थर असेल तर इवल्याशा तोंडाला तो घोट घेता येत नाही. मोठा मासा सायीखाली मजेत जगतो. म्हणून कोणाला काही कळलं नाही. मेले ते नुकते जन्मलेले, आणि त्यांची खबर घेतो कोण?

टबावर वर्तमानपत्राचा कागद पसरून उचलला. कागदाला साय चिकटून येते. कांडी लाल झाली, मी आनंदानं ओरडलो. भाकरी खाऊन परत आलो तर पुन्हा हिरवी. जंतू पाण्यातच होते, त्यांनी नवीन साय धरली होती. त्या विणीचं काही झालं नाही. ती जास्वंदीला.

पण माझ्या या खटाटोपात कांडी लाल झाली होती, आणि ती खबर मंडळामार्फत वहिनींच्या फोनवर गेली होती. संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा वहिनी विळीवर नारळ खोवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, कांडी कोणी नेली होती?"

"मी. आणि बरं झालं नेली. वहिनी, तुमची साय माझी पिल्लं मारतेय."

सगळं सांगितलं. आवाज चढला असेल, माझा चढतोच. वहिनींचा हात थांबला नाही. नारळ संपला तरी करवंटी खोवत राहिल्या.

"मग काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"एका टबातली साय मला काढायची आहे. ब्लीचिंग पावडर टाकून जंतू मारतो, मग पाणी उन्हात ठेवतो. एकच टब. पुढच्या विणीपुरता."

"गुन्हा आहे तो. साय बसलेल्या पाण्यात ब्लीचिंग टाकायचं नाही. तालुक्यातलं सगळं पाणी झाकलंय आम्ही, भावोजी. अजून रानात कुठेकुठे डास आहेत. त्यांना अंडी घालायला जागा नाही म्हणून ते कमी होतायत. तुम्ही एक टब उघडा ठेवलात तर सगळे तिथे येतील."

"दादाचा वंश आहे तो, वहिनी! शेवटची जोडी आहे. तुम्हाला दादाचं काहीच..."

वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनींनी विळी आडवी केली.

"दादाचं काहीच काय? बोला ना. तुमच्या दादाला कशानं मारलं माहितीये तुम्हाला? डेंग्यूनं, हो ना? आणि डास कुठला होता?"

माझ्यापुढे वाढलेलं ताट मी बाजूला सारलं.

"मागच्या दारी काळं पिंप होतं. त्यात शेण कालवलेलं पाणी. काय वाढवत होते त्यात?"

अळ्या. दादा डासांच्या अळ्या वाढवायचा. अंड्यांवर यायच्या आधी जोडीला अळ्या घातल्या की अंडी भरघोस येतात, प्रत्येक एंजलवाला हे जाणतो. रोज सकाळी गाळणीनं अळ्या काढून घालायच्या. पण सगळ्या गाळणीत येत नाहीत.

"ते घाण पाण्यातले डास, वहिनी. डेंग्यूचा वेगळा. तो स्वच्छ पाण्यात..."

"स्वच्छ पाण्याचंही होतं. शेजारीच, निळ्या झाकणाचं. झाकण कधी लावलेलं पाहिलंत तुम्ही? मी सांगायचे, अहो, राहू द्या हो हे, घरात डास होतात. हसायचे. मच्छरदाणी लावा म्हटलं तर म्हणायचे, गुदमरतं. माझ्या नवऱ्यानं माझ्या घरात स्वतःचं मरण वाढवलं भावोजी, त्या माशांना चारायला. आणि तुम्ही मला वंश सांगताय."

पाच वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. त्या रडत नव्हत्या, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना. दादावर रागवू तर तो नाही, वहिनींवर रागवू तर कोणत्या तोंडानं, आणि मंडळावर रागवू तर त्यांनी डेंग्यू घालवलाय. मी ताटावरून उठलो.

दारापर्यंत गेलो तेव्हा वहिनींनी पाठीमागून विचारलं, "गप्पी माशांची पिल्लंपण तो घोट घेतात?"

"सगळेच घेतात. गप्पी तर जन्मल्या जन्मल्या. का?"

"काही नाही. जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर वहिनी विहिरीच्या कठड्यावर ओणव्या होऊन आत बॅटरीचा झोत फिरवत होत्या. आमच्या विहिरीत दादानं गप्पी सोडले होते. डास खातात म्हणून, पूर्वी आरोग्य खात्याचीच माणसं वाटायची. पाणी शेंदताना खाली झुंडीच्या झुंडी दिसायच्या. पंप आल्यापासून विहिरीत कोणी डोकावतच नव्हतं, मीसुद्धा नाही. वहिनींनी भाताची शितं टाकली. थांबल्या. पुन्हा टाकली. शितं बुडून गेली. मग पिशवी गळ्यात अडकवून त्या निघाल्या, आणि नेहमीपेक्षा उशिरा परत आल्या. बरेच दिवस आम्ही आमटी वाढा, भात पुरे, एवढंच बोललो.

गणपतीचं विसर्जन झालं आणि मादीनं कौल साफ करायला घेतलं. अंडी घातली, पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाहीत. ही शेवटची. मी वहिनींना सांगितलं नाही. चोरून करायचं ठरवलं, असं म्हणा हवं तर. एक नवा टब आणला, विहिरीच्या तळापासून पंपानं पाणी घेतलं, ब्लीचिंग टाकलं, क्लोरीन मारायचे खडे टाकले, उन्हात ठेवलं. निळ्या औषधात धुतलेलं कौल त्यात ठेवलं. कौलाबरोबर थोडे जंतू गेलेच असतील, पण त्यांना नवी साय धरायला दोनचार दिवस लागणार होते. मला तेवढे पुरे होते.

सगळं बिनबोभाट झालं असतं, पण ब्लीचिंग पावडरचा वास. इतकी वर्षं आरोग्यसेविकेच्या शेजारी राहून हे मला सुचलं नाही, काय म्हणायचं माझ्या डोक्याला! पिल्लं कौल सोडायच्या दिवशी, भर दुपारी, शेडच्या दारात सावली पडली. वहिनी. गळ्यात पिशवी, काखेत कसलंसं गाठोडं.

"आठवडाभर वास येतोय मला," त्या म्हणाल्या. "आज वारा मागून होता म्हणून नक्की कुठून ते कळलं."

त्या आत आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी टबापुढे आडवा उभा राहिलो. मी, एवढा बाप्या, हात पसरून उभा! त्यांनी मला बाजूला सारलंसुद्धा नाही, नुसतं बघितलं, आणि मी सरकलो. त्यांनी कांडी बुडवली. लाल. टुंई टुंई करून ओरडायला लागली.

वहिनींनी पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं, आणि टबावर वाकल्या.

"वहिनी, तुमच्या पाया पडतो," मी म्हणालो. "आजचा दिवस. फक्त आजचा."

त्या टबात बघत होत्या. एक पिल्लू कौलावरून सुटलं होतं. वळवळत, हेलपाटत वर येत होतं. मधेच दमलं, खाली गेलं, पुन्हा निघालं. वर आलं. पाण्याला तोंड लावलं. मी श्वास धरला. वहिनींनीही धरला असावा, कारण बाटलीचा हात जागच्या जागी राहिला होता. पाण्यावर टाचणीच्या टोकाएवढं वर्तुळ उमटलं. पिल्लू खाली गेलं, पण पडलं नाही. टबाच्या मध्यावर थांबलं. नुसतं थांबलं, काही न करता, पाण्यात.

"उठलं," मी म्हणालो.

वहिनींनी बाटली खाली घेतली.

"त्या दिवशी अकरा विहिरी बघितल्या मी," त्या म्हणाल्या. "एकीत गप्पी नाहीत. देवळाच्या तळ्यात बारके मासे होते, तेही नाहीत. मंडळात सांगितलं. साहेब म्हणाले, कांडी हिरवी आहे ना, मग झालं. उद्या हा जंतू मेला, बाटल्या यायच्या बंद झाल्या, तर डास खायला पाण्यात उरलंय काय, भावोजी? मी डास मारायला घेतली होती ही बाटली. बाकीच्यांना मारायला नव्हती घेतली."

मग त्यांनी गाठोडं सोडलं. मच्छरदाणी होती. दादासाठी आणलेली, कधीच न लावलेली, दुकानातल्या घड्या तशाच असलेली. ती त्यांनी टबावर चारी बाजूंनी पसरली, कडांवर विटा ठेवल्या, आणि माझं स्टूल ओढून बसल्या.

"मी इथून हलणार नाही. एक जरी डास आत गेला तर बाटली ओतणार. कळलं?"

"कळलं. पण ती कांडी काढा की बाहेर! मंडळाला कळतंय सगळं. लाल दिवा, तुमच्या नावावर!"

"कळू दे."

"वहिनी, नोकरी जाईल."

"तोंडानं सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. आता लाल दिवा बघून येतील. आले की विचारतील, का लाल? मग सांगेन. गप्प बसा तुम्ही, केवढ्यानं बोलता."

मी गप्प बसलो. माझ्या हयातीत बहुधा पहिल्यांदाच. कांडी ओरडत होती, फोन वाजून वाजून थांबत होता. मधेच दोन वर्षांत न ऐकलेला आवाज कानाशी आला आणि मच्छरदाणीवर बाहेरून एक डास बसला. खराखुरा. पायांवर पांढरे पट्टे. कुठून आला होता कोण जाणे, पण वहिनी म्हणाल्या होत्या तसाच, बरोबर इथे आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनींनी तळहात अलगद पुढे नेला, डासाला चपटा केला, आणि हात पदराला पुसला. स्टूल आणखी पुढे ओढून घेतलं.

पिल्लं एकेक करून उठत होती. कोणी पहिल्याच फेरीत, कोणी चार वेळा पडून. काही नाहीच उठली, ती सरपटत राहिली. सगळीच्या सगळी कधीच उठायची नाहीत, दादाच्या वेळीही नाही. पण ऊन पत्र्यावरून उतरलं तेव्हा टबाच्या मध्यावर एक थवा उभा होता. अजून पारदर्शक, बिनरंगाचा. काळा रंग यायला वेळ असतो. डोळे तेवढे दिसत होते, आणि वहिनी नाक मच्छरदाणीला लावून ते डोळे बघत होत्या.

"तांबडी कड कधी येते?" त्यांनी विचारलं.

"येईल. महिना दीड महिना."

घोट मिळालेल्यांना आता सायीचं भय नव्हतं. सायीनं टब झाकून टाकता येणार होता. बाहेर खळ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला, दारं आपटली, कोणीतरी "खातूबाई!" म्हणून हाक मारली. वहिनींनी बाटली हातात घेतली, बूच काढलं. तीन वर्षांत त्यांनी अख्ख्या तालुक्यात थेंब टाकले होते, आणि कोणाला विचारून टाकलेले मी पाहिले नव्हते.

"टाकू का, भावोजी?"

मी टबात पाहिलं. कोपऱ्यात, कौलाच्या आडोशाला, एक पिल्लू तळाशी टेकून शेपूट मारत होतं. जरासं उठायचं, बसायचं. उठायचं, बसायचं.

"थांबा वहिनी. ते एक राहिलंय."

वहिनींनी वाकून पाहिलं. मग बाटलीला बूच लावलं, आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "आले हो! जरा बसा तिकडे. आमचं अजून एक उठायचंय."